वाचक विचारतात : तेलविहिरीची दुरुस्ती आणि जिवाची काळजी

गेल्या अंकात या सदरात तेल आणि वायूच्या विहिरींवर नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या भागातील मुलांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकच होता : हे काम कितपत सुरक्षित असते? मी सुमारे तीस वर्षे विहीर-दुरुस्तीच्या रिगवर, म्हणजे त्या क्षेत्रात सगळे ज्याला 'वर्कओव्हर' म्हणतात त्या कामावर काढली आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोडला स्थायिक झालो. त्यामुळे नव्या विहिरीच्या खोदाईपेक्षा चालू विहिरीच्या दुरुस्तीविषयीच अधिकाराने लिहू शकेन. पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त केली आहेत.

आमच्या बोअरची मोटर दोन-तीन वर्षांतून एकदा काढावी लागते. घोडी उभी करतो, चेनपुलीने एकेक पाइप वर घेतो, क्लॅम्प लावतो, जोड सोडवतो. माझा पुतण्या गुजरातेत तेलविहिरीवर 'पाइप काढण्याचे'च काम करतो. मग त्यात एवढे धोक्याचे काय आहे? — एक शेतकरी, दिंडोरी

तुमची तुलना चुकीची नाही, आणि खरे तर नव्या मुलांना काम समजावताना मीही बोअरचेच उदाहरण देत असे. घोडीच्या जागी मास्ट, चेनपुलीच्या जागी विंच, क्लॅम्पच्या जागी स्लिप आणि एलिवेटर, एवढाच वरवरचा फरक आहे. खरा फरक खाली आहे. आपल्या बोअरमधले पाणी आपण ओढल्याशिवाय वर येत नाही, तर तेलविहिरीतले तेल आणि वायू बहुतेक वेळा स्वतःच्या दाबाने वर यायला टपलेले असतात, आणि नळ्या काढायच्या तर आधी त्यांना खाली दाबून ठेवावे लागते.

हे दाबून ठेवण्याचे साधन म्हणजे विहिरीत भरलेला द्रव. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब देतो, म्हणजे दोन हजार मीटर खोल विहीर साध्या पाण्याने काठोकाठ भरली तर तळाशी सुमारे दोनशे किलो दाब पडतो. खालच्या थराचा दाब दोनशे दहा असेल तर पाणी पुरत नाही, म्हणून मीठ विरघळवून द्रव जड करतात. साध्या मिठाच्या द्रावणाची घनता पाण्याच्या सुमारे १.२ पटीपर्यंत जाते आणि कॅल्शियम क्लोराइडची १.३९ पर्यंत. विहीर अशी शांत करण्याला रिगवर 'किल करणे' म्हणतात. शब्द भयंकर असला तरी विहीर मरत नाही, फक्त झोपते.

आता नळ्या काढायला सुरुवात झाली की काय होते ते पाहा. रिगवर जिला 'टू सेव्हन-एट' म्हणतात ती २.८७५ इंच बाह्यव्यासाची नेहमीची ट्यूबिंग घेतली, तर साडेनऊ मीटरच्या एका नळीचे वजन नव्वद किलोच्या आसपास असते आणि तिच्या नुसत्या पोलादाने विहिरीत सुमारे बारा लिटर जागा अडवलेली असते. नळी बाहेर आली की तेवढी जागा रिकामी होते आणि द्रवाची पातळी उतरते. दोन हजार मीटरच्या दोनशे दहा नळ्या काहीही न भरता काढल्या, तर सात इंची केसिंगमधील, म्हणजे विहिरीच्या भिंतीला कायमच्या बसवलेल्या बाहेरच्या पाइपमधील, पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली जाईल, म्हणजे तळावरचा दाब बारा किलोंनी घटेल, आणि पुष्कळदा आपण सुरक्षिततेसाठी ठेवलेली जास्तीची शिल्लक एवढीच असते. म्हणून नळ्या काढताना विहीर सतत भरत राहावी लागते, आणि नुसती भरून भागत नाही, ती किती द्रव घेते हे मोजावे लागते. दहा नळ्या बाहेर आल्या की विहिरीने साधारण एकशे पंधरा ते एकशे वीस लिटर घेतले पाहिजेत. जास्त घेतले तर द्रव थरात मुरतो आहे. कमी घेतले तर त्या रिकाम्या जागेत आपल्या आधी दुसरे कोणीतरी शिरले आहे.

हे 'दुसरे कोणीतरी' वायू असेल तर त्याची एक खोड समजून घेतली पाहिजे. तापमान वगैरे बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर दोन हजार मीटरवर शिरलेला दहा लिटरचा बुडबुडा हजार मीटरवर येईपर्यंत फक्त वीस लिटरचा होतो. शंभर मीटर उरले असताना तो सुमारे एकशे ऐंशी लिटरचा असतो, आणि त्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये दोन हजार लिटरचा होतो. अर्थात बहुतांश प्रवासभर विहीर शांत दिसते आणि अखेरच्या काही मिनिटांत डोक्यावरचा द्रव उधळून लावते. त्या मिनिटांत माणसाला शहाणपण सुचून उपयोग नसतो, कारण ते तासाभरापूर्वी मोजपट्टीवर दिसायला हवे होते.

मला आठवते, पावसाळ्यातल्या एका रात्रपाळीत येवल्याकडचा एक नवखा मुलगा ट्रिप टँकची, म्हणजे विहिरीत जाणारा द्रव मोजण्याच्या टाकीची, नोंदवही लिहीत होता. दहा नळ्यांमागे चाळीस लिटर कमी गेल्याचे त्याने सांगितले, तेव्हा ड्रिलरने, म्हणजे पाळीवर रिग चालवणाऱ्या प्रमुखाने, टाकीतला पातळी दाखवणारा फ्लोट अडकला असेल म्हणून विषय सोडून दिला. मुलाने वाद घातला नाही. तो काठी घेऊन टाकीवर चढला, काठी तळापर्यंत बुडवली, ओल्या खुणेवर नखाने रेघ मारली, पुढच्या पाच नळ्यांनंतर पुन्हा बुडवली आणि काठीच आमच्यासमोर आणून धरली. दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक होत्या, म्हणजे विहिरीने काहीच घेतले नव्हते. आम्ही काम थांबवून विहीर बंद केली, आणि पंधरा मिनिटांत गेजचा काटा शून्यावरून वीस किलोपर्यंत चढला. पुतण्याला विचारा, त्याच्या रिगवर ही वही कोण लिहितो आणि ती कोण वाचतो. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट, तीही बोअरवाल्याला पटेल अशी. नळीच्या टोकाला पॅकर, म्हणजे केसिंगला घट्ट बसणारे रबर, असेल आणि नळ्या घाईने ओढल्या, तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा खालचा वायू वर खेचतो. म्हणून पॅकर सोडल्यावर रबर आकसायला वेळ द्यायचा आणि सुरुवातीच्या नळ्या सावकाश काढायच्या, हा नियम आहे. नेमका हाच नियम पाळीच्या शेवटी मोडला जातो.

आसाममधील बाघजानच्या विहिरीला लागलेली आग वर्गात मुलांना दाखवली होती. ती विहीर तर आधीपासून चालू होती. खोदाई चालू नसताना विहीर उसळते कशी? — एक शिक्षिका, नाशिकरोड

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. तिनसुकिया जिल्ह्यातील ऑइल इंडियाची बाघजान-५ ही विहीर २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असतानाच उसळली. तेरा दिवस वायू नुसताच बाहेर पडत होता. ९ जूनला त्याने पेट घेतला आणि त्या दिवशी दोन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. विहीर पूर्ण ताब्यात यायला १५ नोव्हेंबर उजाडला. शेजारी दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जागा आहे, त्यामुळे माणसांबरोबर पाखरांचे, माशांचे आणि शेतीचेही अतोनात नुकसान झाले.

विहीर-दुरुस्तीतला मूळ नियम असा की खालचा दाब आणि वरची माणसे यांच्यामध्ये कोणत्याही क्षणी दोन स्वतंत्र अडसर असले पाहिजेत, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा उरतो. पहिला अडसर वर सांगितलेला जड द्रव. दुसरा बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेली अजस्र झडपांची रास. यांतील काही झडपा नळीभोवती आवळतात, काही विहीर मोकळी असताना तोंड पूर्ण मिटतात आणि काही वेळ आलीच तर नळी कापून बंद होतात. त्यांना बळ देणारा तेलाचा साठा नायट्रोजनच्या दाबाखाली टाक्यांत भरून विहिरीपासून दूर ठेवलेला असतो, म्हणजे इंजिन बंद पडले, वीज गेली तरी एक दांडा फिरवून सुमारे तीस सेकंदांत झडप मिटवता येते.

पण उत्पादन चालू असताना विहिरीच्या तोंडावर बीओपी नसतो, तेथे 'क्रिसमस ट्री' नावाची नेहमीची झडपांची जोडणी असते. दुरुस्ती सुरू करताना ती उतरवून बीओपी बसवायचा आणि दुरुस्ती संपली की बीओपी उतरवून ती पुन्हा बसवायची, असा क्रम असतो. या दोन अदलाबदलींच्या वेळी काही तास विहिरीचे तोंड उघडे असते. खोदाईच्या कोणत्याही क्षणापेक्षा मला स्वतःला हे तास जास्त भीतीचे वाटत आले आहेत, कारण काम संपत आलेले असते, माणसे थकलेली असतात आणि विहीर गरीब गायीसारखी उभी असते. म्हणून बीओपीला हात लावण्यापूर्वी विहिरीच्या आत सिमेंटचा किंवा यांत्रिक प्लग बसवून तो खरोखर धरतो आहे याची परीक्षा घ्यावी लागते. सिमेंट असेल तर ते घट्ट व्हायला लागणारा पूर्ण वेळ थांबायचे, मग नळीचे वजन त्यावर टेकवून पाहायचे आणि वरून दाब देऊन तो टिकतो का ते पाहायचे.

बाघजानच्या दुर्घटनेची चौकशी करण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती बी. पी. काटके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. खात्रीचा आणि तपासलेला दुसरा अडसर नसताना बीओपी काढण्याच्या कामाचे गांभीर्य ओळखले गेले नाही, अशा आशयाचा ठपका तिने ठेवला. सिमेंट वाळण्याची वाट पाहणे म्हणजे रिगचे भाडे चालू ठेवून सगळ्यांनी हात बांधून बसणे, आणि हिशेबाच्या कागदावर त्या तासांसमोर काम म्हणून काहीच लिहिता येत नाही. माझ्या मते या व्यवसायातील निम्मी जोखीम त्या कोऱ्या रकान्यातून येते. मुलांना आगीबरोबर हा कोरा रकानाही दाखवा.

मी आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रिगवर विषारी वायूचा वास आला की पळायचे असे सीनियर सांगतात. हे बरोबर आहे का? — एक विद्यार्थी, सातपूर

अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे जीवघेणे आहे. तुमचे सीनियर ज्याविषयी बोलत आहेत तो हायड्रोजन सल्फाइड, रिगवरच्या भाषेत एच-टू-एस. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा वास हवेत अगदी नगण्य प्रमाणात असतानाही येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, म्हणजे शंभर पीपीएम, झाला की काही मिनिटांत नाकाची जाणीवच बधिर होते. म्हणजे वास 'गेला' असे वाटते तेव्हा वायू गेलेला नसून वाढलेला असू शकतो. सातशे ते हजार पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. म्हणून नाकावर विसंबू नये, छातीवर लावलेल्या छोट्या मापकावर विसंबावे. तो सामान्यतः दहा पीपीएमला वाजू लागतो.

हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे बीओपीखालच्या खड्ड्यात, म्हणजे सेलरमध्ये, आणि टाक्यांच्या कडेला साचून राहतो. मापक वाजला की आधी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे पाहायचे, वाऱ्याला आडवे निघायचे आणि मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला, शक्य तो उंचावर जायचे. वाऱ्याबरोबर पळणारा वायूबरोबरच पळत असतो.

आता सगळ्यांत अवघड भाग. सोबती सेलरमध्ये पडलेला दिसला तरी पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मास्क असल्याशिवाय आत उतरायचे नाही. निफाड-चांदवडकडे जुनी विहीर साफ करायला उतरलेला माणूस गुदमरला की त्याच्यामागे भाऊ आणि त्याच्यामागे शेजारी उतरतो, हे आपण ऐकत आलो आहोत. तेथे बहुधा प्राणवायूची कमतरता असते आणि येथे विष, पण मागून उतरणाऱ्याचे जे होते ते दोन्हीकडे सारखेच. मास्कविषयी एक व्यावहारिक सूचना : दाढी असेल तर मास्कची कड चेहऱ्याला चिकटत नाही आणि फटीतून वायू आत येतो. रिगवर दाढीचा आग्रह धरणाऱ्या मुलांशी मी पुष्कळ वाद घातले आहेत आणि त्याबद्दल मला यत्किंचित खंत नाही.

सगळ्याच विहिरींत हा वायू नसतो. मुंबईजवळच्या समुद्रातील बसीन क्षेत्राचा वायू मात्र गंधकयुक्त आहे, आणि तो हजिरा येथे शुद्ध केला जातो. ज्या विहिरीत हा वायू एरवी नसतो तेथेही आम्लाचे काम करताना तो निर्माण होऊ शकतो, कारण नळ्यांच्या आत साचलेल्या लोहसल्फाइडच्या थरावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइडच बाहेर येतो. 'आपल्या फील्डमध्ये एच-टू-एस नाही' हे वाक्य आम्लाच्या दिवशी ऐकून घेऊ नका.

मी ठेकेदाराकडे काम करतो, सध्या सुट्टीवर घरी आलो आहे. आमच्याकडे कामाचे परमिट सकाळी कार्यालयातच सही होऊन येते, जागेवर कोणी पाहत नाही. विचारले तर 'रोजचेच काम आहे' म्हणतात. मी काय करावे? — नाव न छापण्याच्या विनंतीवरून, अंबड

जागा न पाहता दिलेले परमिट म्हणजे रोगी न पाहता लिहिलेली औषधाची चिठ्ठी. कोणते काम, कोठे, किती वेळ, कोणती झडप बंद करून कुलूप लावली आहे आणि वायूची चाचणी किती वाजता केली, हे जागेवर ताडून मगच सही व्हायला हवी. पाळी बदलली की ते पुन्हा वाचले जायला हवे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसे मृत्युमुखी पडली, त्या भीषण घटनेची सुरुवात अशाच एका कागदापासून झाली. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती, पण ती बसवलेली नाही ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, आणि दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी पहिला सुरू केला.

तुम्हाला करता येण्याजोगी गोष्ट मी सांगतो, कारण 'काम बंद करा' असे घरी खुर्चीत बसून लिहिणे सोपे आहे आणि ठेक्यावरच्या मुलाला ते किती महागात पडू शकते हे मला ठाऊक आहे. भांडणाऐवजी नेमका प्रश्न विचारा, आणि तो सर्वांसमोर सकाळच्या टूलबॉक्स बैठकीत, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच्या छोट्या बैठकीत, विचारा. उदाहरणार्थ, उच्च दाबाच्या लाइनवर दोन इंची हॅमर युनियन, म्हणजे हातोड्याने ठोकून आवळायचे जोड, असतात. त्यांत ६०२ आणि १५०२ असे आकडे कोरलेले असतात. पहिला सहा हजार पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) दाबाचा आणि दुसरा पंधरा हजारांचा. एकाचा नट दुसऱ्यावर फिरतो, हातोड्याने ठोकल्यावर बसल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड अपुरी असते आणि दाब चढल्यावर तो जोड तोफगोळ्यासारखा उडतो. 'परमिटवर लाइनची तपासणी झाली असे लिहिले आहे, तर युनियनचे आकडे कोणी वाचले?' असा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्याला लाइनपाशी जावेच लागते. शिवाय आपण काय सांगितले आणि कधी सांगितले हे पाळीच्या नोंदवहीत लिहीत चला. तेल खाण विनियम, २०१७ नुसार जमिनीवरील तेलविहिरींवर देखरेख करणारे खाण सुरक्षा महासंचालनालय धनबाद येथे आहे, आणि लेखी तक्रार तेथपर्यंत जाऊ शकते. पण ती शेवटची पायरी, पहिली नव्हे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात अशी एखादी विहीर आहे का? मनमाडजवळ तेलाचे काहीतरी आहे असे ऐकले. — एक गृहिणी, पंचवटी

नाही. आपण काळ्या कातळावर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर बसलो आहोत, आणि जिल्ह्यात तेलाचे उत्पादन नाही. मनमाडजवळ पानेवाडी येथे आहेत ते इंधनसाठ्याचे डेपो. त्यांची सुरक्षितता हा वेगळा विषय आहे.

मुलगा पुढच्या महिन्यात मेहसाण्याला रिगवर रुजू होतो आहे. ठेकेदाराला काय विचारावे? आणि सप्तशृंगीहून आणलेला दोरा त्याच्या मनगटाला बांधला तर चालेल ना? — एक आई, सिन्नर

रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि खाणकामासाठीचे प्राथमिक प्रशिक्षण होणार आहे का, हे आधी विचारा. तसे प्रशिक्षण १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार बंधनकारक आहे आणि दोन तास व्हिडिओ दाखवणे म्हणजे ते नव्हे. मुलाला पहिल्या आठवड्यात कोणाच्या हाताखाली ठेवणार, रात्रपाळी किती दिवसांनी येणार आणि पाळी बारा तासांची असेल तर नंतर झोपण्याची जागा रिगच्या इंजिनापासून किती लांब आहे, हेही विचारा. झोपेचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण टाँगमध्ये, म्हणजे नळ्यांचे जोड फिरवणाऱ्या यांत्रिक पान्यात, सापडलेली बोटे मी पाहिली आहेत ती बहुतेक पहाटे चारच्या सुमाराची.

मुलाला स्वतःला एक गोष्ट करायला सांगा. रिगच्या फ्लोअरवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. नळीतून अचानक द्रव उसळला तर तो नळीच्या तोंडावर बसवून मग बंद करायचा असतो. पहिल्याच दिवशी त्याने तो कोठे आहे, उघडा ठेवलेला आहे का, त्याची चावी जवळ आहे का आणि त्याचे आटे विहिरीतल्या नळीच्या आट्यांशी जुळतात का, हे पाहावे. बंद व्हॉल्व्ह उसळत्या नळीवर कोणाच्याही बापाला बसवता येत नाही, म्हणून तो उघडाच असला पाहिजे. हे पाहणारा नवा मुलगा ड्रिलरच्या नजरेत भरतो, आणि त्याला कोणी उगीच धोक्याच्या जागी उभे करत नाही.

दोऱ्याविषयी स्पष्ट सांगतो. मनगटाला दोरा, बोटात अंगठी, गळ्यात साखळी किंवा हातात कडे घालून रिगच्या फ्लोअरवर जायचे नाही. फिरत्या टाँगमध्ये दोरा अडकला तर तो तुटण्याआधी हात आत ओढला जातो, आणि अंगठी अडकली तर बोटाची कातडी उतरते. माझ्या रिगवर पंढरीची माळ घालणारे एक टॉपमन, म्हणजे मास्टवर उंच उभे राहून नळ्या सांभाळणारे, होते. ते पाळीवर निघताना माळ काढून जेवणाच्या डब्यात ठेवत आणि परत आल्यावर हात धुऊन पुन्हा घालत. तुमच्या मुलाचा दोरा त्याच्या खोलीतल्या पेटीच्या कडीला बांधून ठेवा.